बुजवलेली खाच

छन्नीचा दुसरा ठोका पडला आणि खिडकीच्या उंबऱ्याचा हातभर तुकडा सुटून चाँदभाईंच्या मांडीवर आला. दगड कसला, नुसते पापुद्रे. बोटांनी दाबला तर भुगा व्हावा इतका कुजलेला. खालची बाजू कशी आहे ते बघावं म्हणून चाँदभाईंनी तो उलटा केला आणि त्यांचे हात तिथंच थांबले.

दगडी घराच्या खिडकीचा उंबरा भिंतीच्या बाहेर चार बोटं पुढं काढलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून जरा आत, एक खाच मारतात. पावसाचं पाणी उंबऱ्यावरून ओघळून खाली वळलं, की त्या खाचेपाशी अडतं आणि थेंबाथेंबानं जमिनीवर टपकतं. भिंतीला शिवत नाही. एवढंच तिचं काम. रस्त्यानं जाणाऱ्याला ती दिसत नाही आणि घरमालकाला तर ती आहे हेही ठाऊक नसतं. इथं ती खाच सिमेंटनं बुजवलेली होती. अंगठ्यानं दाबून दाबून, अगदी मन लावून बुजवलेली. वीत-वीत अंतरावर अंगठ्याचे ठसे होते आणि प्रत्येक ठशात नखाच्या जागी एक तिरकी चीर उमटलेली होती.

चाँदभाईंनी मान वर करून अंगणात पाहिलं. मग डाव्या हाताचा अंगठा हळूच त्या ठशात ठेवला. तो बसला. सोळाव्या वर्षी बापाच्या हाताखाली दगड घडवताना हातोडी घसरून या अंगठ्यावर बसली होती. नख दुभंगलं ते दुभंगलंच. साठीला आले तरी ते सांधलं नव्हतं.

"काय रे चाँद, थांबलास का?" लिंबाखालच्या खुर्चीतून मोहनराव गुरुजींनी विचारलं.

"काय न्हाई गुरुजी. दगड लई सडलाय."

"सडणारच. भिंतच कच्ची, तिथं दगड काय करील?"

तुकडा चाँदभाईंनी जेवणाच्या डब्याखाली, हत्याराच्या थैलीत सरकवला आणि थैलीचं तोंड नाडीनं बांधलं. उन्हाळ्याचे दिवस होते, पण पाठीला सुटलेला घाम उन्हाचा नव्हता.

मोहनराव गुरुजी म्हणजे घाटनांदूरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. वय अठ्ठ्याहत्तर, पण गावातल्या निम्म्या माणसांची शुद्धलेखनाची वही अजून आपल्याकडंच तपासायला यायची आहे, अशा थाटात बसायचे. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं हे पाच खोल्यांचं दगडी घर, सात खिडक्यांचं. खिडक्यांचे उंबरे तांबूस, नरम दगडाचे होते. घडवायला सोपा, दिसायला देखणा, आणि पाण्यानं झिजणारा दगड. ते उंबरे बदलायला गुरुजींनी अंबाजोगाईहून मुद्दाम चाँदभाईंना बोलावलं होतं. दगडाचं काम करणारा असा हात आता चार तालुक्यांत उरला नाही, असं ते ज्याला त्याला सांगायचे. सांगताना पुढं एक वाक्य ठरलेलं असायचं: "नाहीतर तो आश्रुबा! घराचं वाटोळं केलं त्यानं."

ते वाक्य चाँदभाईंनी गेल्या तीस वर्षांत कितीदा ऐकलं असेल. आज मात्र ते छातीत रुतून बसलं.

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली ही गोष्ट सुरू झाली होती. घाटनांदुरात माणसं वाचली, पण भिंतींना चिरा पडल्या आणि लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. गुरुजींच्या घराची दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत फुगली होती. सातही खिडक्या याच दोन भिंतींत होत्या. काम आश्रुबा गवंड्यानं घेतलं. चाँद तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसचा, आश्रुबा त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. दोघांची जोडी होती. आश्रुबानं दोन्ही भिंती पायापर्यंत उतरवून चुन्यात पुन्हा उभ्या केल्या आणि खिडक्या चाँदकडं दिल्या. त्या दिवसांत सिमेंट म्हणजे पक्कं आणि चुना म्हणजे जुनाट, असं वारंच सुटलं होतं. झिजलेल्या उंबऱ्यांवर सिमेंटचा गुळगुळीत थर द्यावा, हा आग्रह गुरुजींचा. आश्रुबा कुरकुरला, पण मालकाची मर्जी म्हणून गप्प बसला.

खालची खाच बुजवायला मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. ते चाँदचं स्वतःचं डोकं. वरून इतका झकास उंबरा झाला, आणि ओट्यावर बसलेल्या पाहुण्यानं मान वर केली की खाली ती वेडीवाकडी, कडा तुटलेली खाच दिसायची. जवान माणसाला आपल्या हाताचा फार अभिमान असतो. त्यानं सातही खिडक्यांखाली उताणं पडून, अंगठ्यानं सिमेंट दाबून ती खाच बुजवली. आश्रुबा तेव्हा पलीकडच्या भिंतीवर दगड चढवत होता. त्यानं ते पाहिलंच नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांखालचा आतला गिलावा फुगून पडायला लागला. गुरुजींनी आश्रुबाला बोलावून घेतलं. आश्रुबानं भिंतीतला ओला चुना बोटांत चोळला, हुंगला, आणि खाली मान घालून म्हणाला, "घाईत चुना नीट भिजला नसंल गुरुजी. माझंच चुकलं आसंल." चाँद तिथं होता. त्यालाही तेच खरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, आपल्या खिडक्यांना कुणी बोट लावलं नाही याचं त्याला आतून बरंही वाटलं होतं.

मुख्याध्यापकाचा शब्द तो. बाजारात गेला, बसस्टँडवर गेला, सोयऱ्याधायऱ्यांत गेला. वर्षभरात आश्रुबाला कुणी पायरी बसवायलासुद्धा बोलावीना. शेवटी एका दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको मनकर्णा कोयता घेऊन ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढले ते पुढची वीस वर्षं चढतच राहिले.

त्या गुरुवारचा उरलेला दिवस चाँदभाईंनी कसा काढला त्यांचं त्यांना ठाऊक. पहिला उंबरा पुरता सुटावा म्हणून खालचे दोन दगड सोडवले, आणि भिंतीचं पोट उघडं पडलं. वरचा वीतभर चुना ओला, काळपट, मेणासारखा मऊ. त्याच्या खाली हात घातला तर चुना कोरडा ठणठणीत. छन्नी लावली तर ठिणगी उडावी असा. आणि आत, बाहेरच्या थराला आतल्या थराशी बांधून घेणारे लांब दगड एकाआड एक, असे अडकवलेले की सुरीचं पातं शिरू नये. हे दगड आत असतात. ते घातले काय न घातले काय, मालकाला कधीच कळत नाही. आश्रुबानं ते सगळे घातले होते.

चाँदभाई हात तसाच भिंतीत ठेवून उभे राहिले. चुना कच्चा नव्हता. भिंत कच्ची नव्हती. उंबऱ्याखाली वळलेलं पाणी टपकायला वाट नव्हती, म्हणून ते भिंतीत उतरलं होतं. आणि ती वाट या अंगठ्यानं बंद केली होती.

भीतीचं खरं कारण वेगळंच होतं. सोमवारी ही दक्षिणेची, सगळ्यांत जास्त ओल धरलेली भिंत पाडायची ठरली होती. गुरुजींनी अशफाकला, म्हणजे चाँदभाईंच्या मुलाला, ते काम दिलं होतं. जेसीबी सांगून झाला होता, विटांची गाडी येऊन पडली होती. जुने उंबरे निघाले की ती कच्ची ब्याद एकदाची काढून टाकायची, सरळ विटांची भिंत घालायची आणि तिथले नवे उंबरे तिच्यात बसवायचे. शिवाय गुरुजी शाळेच्या कमिटीवर होते. निजामाच्या काळातल्या शाळेच्या इमारतीला बत्तीस खिडक्या होत्या आणि त्यांच्या दगडकामासाठी गुरुजींनी कमिटीत एकच नाव सुचवलं होतं. बत्तीस खिडक्यांचं दगडकाम! असं काम आयुष्यात एकदा तरी हाताखालून जावं म्हणून चाँदभाई चाळीस वर्षं टाइलवाल्यांच्या दुनियेत छन्नी धरून बसले होते.

शुक्रवारी ते सकाळपासून उंबरे काढत राहिले. काढलेला प्रत्येक उंबरा अशा हिशोबानं खाली सोडायचे, की खालची बाजू आपटून फुटावी. फुटली नाही तर हातोडीनं फोडायचे. प्रत्येकाखाली तोच अंगठा, तीच चीर. दुपारी गुरुजी उठून जवळ आले आणि म्हणाले, एखादा उंबरा अखंड निघाला तर नळापाशी टाकू, धुणं घासायला होईल. चाँदभाईंनी सगळेच सडलेत म्हणून सांगितलं. त्यांच्या मागं पडलेला, पुरता शाबूत निघालेला चौथा उंबरा गुरुजींना दिसला असता तर खोटं तिथंच उघडं पडलं असतं. गुरुजी परत खुर्चीकडं वळेपर्यंत चाँदभाई त्याच्यासमोर अंग आडवं करून उभे राहिले. साठ वर्षांचा माणूस, चोरी केल्यासारखा.

जुम्म्याच्या नमाजला ते स्टेशनजवळच्या मशिदीत गेले. रांगेत उभे राहिले, वाकले, टेकले. पण मन काही ठिकाणावर नव्हतं. दुआसाठी हात उचलले की अंगठा दिसायचा.

घरी हजराबींनी ओळखलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याच्या जेवण्यावरून सगळं कळतं. भाकरी अर्धीच खाल्ली म्हणून विचारलं, तेव्हा चाँदभाईंनी थैलीतून तो तुकडा काढून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं तुकडा उलटसुलट करून बघितला. मग एवढंच विचारलं, की हा फोडून टाकायचा सोडून तुम्ही सांभाळून घरी कशाला आणलात? चाँदभाईंनी तुकडा उचलून पुन्हा थैलीत ठेवला.

अशफाकला त्यांनी शनिवारी सकाळी सांगितलं. तो रोज मोटारसायकलवरून बापाला घाटनांदूरला सोडायचा. वाटेत चहाला थांबले तेव्हा चाँदभाईंनी विषय काढला. अशफाक शांत डोक्याचा मुलगा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"अब्बा, एकतीस वर्षं झाली. आता कावून उकरायलाव?"

"ती भिंत चांगली हाय, बाबा. आन सोमवारी आपणच तिला पाडायलोत."

"पाडू द्या की. दुसरी आपणच बांधणार हाव. चांगली बांधू." मग जरा थांबून तो म्हणाला, "शाळंचं काम जाईल. आन नुस्तं काम न्हाई, तुमचं नाव जाईल. त्या म्हाताऱ्या आश्रुबाला या वयात काय फरक पडनार हाय?"

हे बोलणं काही वाईट मनाचं नव्हतं. पोरगं व्यवहाराचं बोलत होतं आणि त्यातलं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. म्हणूनच चाँदभाईंना शनिवार सगळ्यांत जड गेला. पश्चिमेच्या खिडक्यांचे नवे उंबरे ते बसवत होते, चुन्यात, बाहेरच्या अंगाला ढाळ देऊन. खाली खाच नीट मोकळी ठेवून, तिच्यातून बोट फिरवून बघत होते. पण दर दहा मिनिटांनी नजर दक्षिणेच्या भिंतीकडं जायची. आपण पाडायला निघालोय ते दुसऱ्याचं आयुष्यातलं शेवटचं मोठं काम आहे, हे मनातून हलेना. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, गप्प बस, दोन दिवसांचा प्रश्न आहे. सोमवारी दुपारपर्यंत तिथं मातीचा ढीग असेल, आणि ढिगाला काही विचारता येत नाही. हे दुसरं मन चाँदभाईंना जास्त भिववत होतं, कारण ते त्यांचंच होतं.

रविवारी काम नसतं. तरी चाँदभाई सकाळी नऊच्या बसनं एकटेच घाटनांदूरला आले. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. चाँदभाईंनी चपला पायरीखाली काढल्या, थैलीतून तो तुकडा काढून गुरुजींच्या पायांपाशी ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसून सांगायचं धाडस झालं नसतं.

गुरुजींना आधी कळेना. खाच म्हणजे काय तेच त्यांना माहीत नव्हतं. चाँदभाईंनी त्यांना नव्या उंबऱ्याखाली नेलं, तांब्याभर पाणी वरून ओतून दाखवलं. पाणी खाचेपाशी आलं, थबकलं आणि टपटप खाली पडलं. भिंत कोरडी. मग चाँदभाईंनी अंगठा ठशात ठेवून दाखवला. गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसा तो दगड कितीतरी वेळ तपासला.

"आश्रुबा तर स्वतःच म्हणाला होता, माझं चुकलं म्हणून."

"त्येंला तसं वाटलं, गुरुजी. मलाबी तसंच वाटलं व्हतं. खाचंचं माज्या ध्यानातच न्हाई आलं."

"आणि मी गावभर..." गुरुजींनी वाक्य सोडून दिलं. आयुष्यभर वाक्यं पुरी करायला शिकवलेला माणूस.

दारात सत्यशीलाबाई, गुरुजींच्या पत्नी, केव्हापासून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी मनकर्णाला बोलले होते. हळदीकुंकवाला आली होती, चारचौघींत बोलले. नवऱ्याला म्हणावं दुसऱ्याची घरं बुडवू नको. ती कुंकू न लावताच गेली. पुन्हा कधी आली नाही." मनकर्णा जाऊन आता सहा वर्षं झाली होती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तुकडा खाली ठेवून गुरुजी म्हणाले, "भिंत राहू दे. अशफाकला सांग, जेसीबी नको." आणि मग, चाँदभाईंकडं न बघता, "शाळेचं कमिटीत बघावं लागेल."

म्हणजे गेलं. चाँदभाईंनी मान हलवली. छातीवरचा दगड उतरेल असं त्यांना वाटलं होतं, तो काही उतरला नाही. कारण खरं सांगायचं होतं ते या घराला नव्हतंच. गुरुजींनाही ते कळलं असावं. "त्याला तू सांग," ते म्हणाले, "मला नाही जमायचं."

आश्रुबा स्टेशनच्या रस्त्याला एका सोयाबीनच्या आडतीवर राखणदार होता. वजनकाट्यावर गाडी चढायच्या आधी आडवी साखळी काढायची आणि गाडी उतरली की पुन्हा लावायची, एवढंच काम. सत्तरी उलटलेला, उन्हानं वाळलेला, अंगावर कुणाचा तरी सैल शर्ट. चाँदभाईंना बघून त्यानं बसायला पोतं सरकवलं.

"चाँद, तू हिकडं कुठं?"

"तुमच्याकडंच आलतो, दादा."

चाँदभाईंनी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, माफी कुठं मागायची, काय म्हणायचं. ऐनवेळी त्यातलं काही आठवलं नाही. सांगितलं ते दोन वाक्यांत झालं. तेवढ्यात एक ट्रक आला. आश्रुबा उठला, साखळी काढली, ट्रक चढला, वजन झालं, ट्रक उतरला. साखळी परत अडकवायला त्याला वेळ लागला. आकडा कडीत जाईना. चाँदभाई मदतीला उठले, तर त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा काही सांगत नव्हता. चाँदभाईंना वाटलं, आता हा शिवी देईल. शिवी दिली असती तर फार बरं झालं असतं.

"सगळ्या खिडक्यांची बुजवलती?"

"सगळ्या."

"म्हंजी पाणी वरून आलं."

"व्हय दादा. चुना कोरडा हाय. म्या हात घालून बघितला. आतले बांधाचे दगड जिथल्या तिथं हायेत."

आश्रुबा आपल्या तळहातांकडं बघत बसला. कोयत्याच्या मुठीनं त्यांना वेगळेच घट्टे पाडले होते. "मला वाटलं हात गेला माजा," तो म्हणाला. "त्याच्यानंतर थापी धराया भ्याव वाटायचं. लोकांनी बोलवलं न्हाई ही एक गोष्ट. दोघं-तिघं आलते की बोलवाया, परळीकडचे, ज्यांला काय म्हाईत नव्हतं. म्याच गेलो न्हाई. म्हणलं, पुन्हा कुणाचं घर खराब व्हईल."

हे चाँदभाईंना माहीत नव्हतं. गावानं त्याचं काम तोडलं, एवढंच ओझं घेऊन ते आले होते. माणसानं इतकी वर्षं स्वतःच्या हाताला घाबरून काढली, हे ऐकल्यावर त्यांना तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"भिंत हाय का आजून?" आश्रुबानं विचारलं.

"हाय. उद्या पाडणार व्हते. आता न्हाई पाडत."

आश्रुबानं आडत्याकडून तासाभराची सुट्टी मागून घेतली.

गुरुजींच्या फाटकापाशी तो क्षणभर अडखळला. आत आल्यावर गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले. सत्यशीलाबाईंनी चहा ठेवते म्हटलं. आश्रुबानं दोघांना नमस्कार केला, पण बसला नाही. तो सरळ घराला वळसा घालून दक्षिणेच्या भिंतीपाशी गेला आणि चार हातांवर थांबून खालून वर, वरून खाली बघत राहिला. जवळ जायला जणू परवानगी हवी होती.

मग मान न वळवता म्हणाला, "ओळंबा हाय का?"

चाँदभाईंच्या थैलीत ओळंबा कायमच असायचा. त्यांनी तो काढला, शिडी भिंतीला लावली आणि विचारायच्या आधीच स्वतः वर चढले. हे दोघांचं जुनं काम होतं. एकानं वर लाकडी गट्टू भिंतीला टेकवून दोरी धरायची. दुसऱ्यानं खाली बसून लोखंडी लंबक स्थिर होऊ द्यायचा आणि भिंतीत न् त्याच्यात किती फट आहे ते बघायचं. भिंत झुकली असेल तर लंबक लांब राहतो, फुगली असेल तर अंगावर चढतो, सरळ असेल तर नुसता टेकतो. आणि नियम असा, की खालच्यानं 'सोड' म्हटल्याशिवाय वरच्यानं दोरी हलवायची नाही. बोलायचंही नाही, कारण बोलणाऱ्याचा हात हलतो.

चाँदभाईंनी गट्टू टेकवला, दोरी सोडली. लंबक खाली जाऊन डुलत राहिला. दुपारचं ऊन पाठीवर होतं. शिडीच्या वरच्या पायरीवर एका हातानं भिंत धरून, दुसरा ताणून ते उभे होते. खाली आश्रुबा उकिडवा बसला होता. लंबकाचं डुलणं कमी कमी होत गेलं आणि थांबलं.

बराच वेळ गेला. एक फट बघायला इतका वेळ लागत नाही. चाँदभाईंच्या खांद्यात कळ आली. कानात तेवढा एक शब्द ऐकायची वाट बघत ते तसेच राहिले. शेवटी राहवलं नाही, तेव्हा हात न हलवता, मान जराशी वाकवून त्यांनी खाली पाहिलं.

लंबक भिंतीला नुसता टेकलेला होता, जिथं टेकायला हवा तिथं. आश्रुबा त्याच्याकडं बघत नव्हता. त्यानं दोन्ही तळवे भिंतीवर पसरले होते, कपाळ दगडाला लावलं होतं, आणि सैल शर्टाच्या आत त्याचे खांदे हलत होते.

चाँदभाईंनी मान वर घेतली, समोरच्या दगडावर नजर लावली आणि दोरी तशीच धरून ठेवली.